रेंज चेक (प्रतिकृती विमान)

रेंज चेक : रेडिओ नियंत्रित प्रतिकृती विमान उडवण्यापूर्वी ट्रान्समीटरची (हातातल्या रेडिओची) शक्ती मुद्दाम उतरवून, विमानापासून ठराविक पावले लांब जाऊन, सगळे सर्व्हो (विमानाचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी) नीट हुकूम ऐकतात का हे पाहण्याची चाचणी. मराठीत तिला पल्ला-चाचणी म्हणता येईल, पण मैदानावर तसे कोणी म्हणत नाही. तिथे ‘रेंज घेतली का?’ एवढेच विचारतात. नाव जरा फसवे आहे. विमान किती लांब जाईल हे या चाचणीतून कळत नाही आणि त्याची फारशी गरजही नसते. दीड मीटर पंखांचे विमान पाचशे मीटरवर गेले की ते येते आहे की जाते आहे हेच डोळ्यांना उमगत नाही. खरी तपासणी होते ती त्या विमानातल्या त्या दिवशीच्या जोडणीची : एरियल कुठे दुमडले आहे, मोटरच्या तारा रिसीव्हरला, म्हणजे संकेत झेलणाऱ्या विमानातल्या डबीला, किती लगटून गेल्या आहेत, एखादा प्लग सैल झाला आहे का.

अंतर दुप्पट झाले की पोचणारी शक्ती चौथाई उरते. त्यामुळे पल्ला तिसाव्या हिश्शावर आणायचा तर प्रक्षेपणाची शक्ती सुमारे ९०० पट कमी करावी लागते. रेंज मोडमध्ये ट्रान्समीटर साधारण हेच करतो, आणि मग ३० मीटरवर पास झालेले विमान हिशेबाने ९०० मीटरपर्यंत हाकेत राहते. अनेक कंपन्यांच्या पुस्तिका ३० पावले, म्हणजे सुमारे २८ मीटर, सांगतात. मुंबईकराचे पाऊल गर्दीने आखूड झालेले असते; एकदा टेपने मोजून घेतलेले बरे.

आजचे २.४ गिगाहर्ट्झचे संच येण्यापूर्वी २७, ३५, ४० आणि ७२ मेगाहर्ट्झवरचे संच असत. तेव्हा ट्रान्समीटरचे लांबलचक टेलिस्कोपिक एरियल पूर्ण मिटवायचे आणि सर्व्हो थरथरू लागेपर्यंत मागे मागे चालत जायचे, हीच चाचणी. शिवाय दोघांकडे एकाच क्रमांकाचा क्रिस्टल (संचाची फ्रिक्वेन्सी ठरवणारा सुटा भाग) असला तर दुसऱ्याने रेडिओ चालू करताच पहिल्याचे विमान खाली. म्हणून क्लबांमध्ये फळ्यावर फ्रिक्वेन्सीगणिक एक चिमटा लावलेला असे, आणि चिमटा ज्याच्या हाती त्यानेच रेडिओ चालू करायचा. २.४ वर ट्रान्समीटर आणि रिसीव्हर बाइंड होऊन, म्हणजे एकमेकांशी जोडी जुळवून, आपापली ओळख सांभाळतात, त्यामुळे ही भानगड संपली. चाचणीचा कंटाळाही तेव्हापासूनच वाढला.

चाचणीला दोन माणसे हवीत. एक जण विमान छातीच्या उंचीवर, शेपटीकडून घट्ट धरतो. जमिनीवर ठेवलेल्या विमानाला संकेत कमी पोचतो आणि निकाल उगाच वाईट येतो. दुसरा ट्रान्समीटर घेऊन पावले मोजत निघतो, रेंजचे बटण दाबून धरतो आणि रडर, एलेव्हेटर, एलरॉन (शेपटी आणि पंखांवरच्या हलत्या पट्ट्या) एकेक करून सावकाश हलवतो. वाऱ्यात ओरडलेले ऐकू येत नाही, तेव्हा धरणाऱ्याने हाताने खुणा करायच्या : रडर डावीकडे गेला तर डावा हात. मग त्याने विमान नाकावर, पाठीवर, कुशीवर फिरवायचे. सर्व्हो थबकत, धक्के खात फिरला किंवा हुकूम उशिरा पोचला तर चाचणी नापास. ट्रान्समीटरच्या एरियलचे टोक विमानाकडे रोखू नये. टोकाच्या दिशेला संकेत सर्वांत क्षीण असतो. हीच चूक करून रिसीव्हरला दोष देणारे पुष्कळ भेटतात.

यानंतर मोटर चालू करून सगळे पुन्हा. हा भाग बहुतेक जण गाळतात आणि नेमका दोष इथेच लपलेला असतो. मोटर बंद असताना चाळीस पावलांवर चोख चालणारे विमान थ्रॉटल अर्ध्यावर जाताच वीस पावलांवर अडखळले, तर संशय ईएससीवर (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या नियंत्रकावर), किंवा बीईसीकडून (मोटरच्या बॅटरीतून रिसीव्हरला वीज देणाऱ्या भागाकडून) रिसीव्हरला पुरते व्होल्ट मिळत नसल्यावर. पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लगच्या ठिणगीचा रेडिओ-गोंगाट असतो. कार्बन फायबरच्या धडात रिसीव्हरचे एरियल आत कोंडले गेले तर २.४ चा संकेत जवळजवळ पोचतच नाही. एरियलच्या टोकाचा सोललेला ३१ मिलिमीटरचा भाग, म्हणजे साडेबारा सेंटिमीटर तरंगलांबीचा चौथा हिस्सा, बाहेर मोकळा आणि सरळ हवा. दोन एरियले असतील तर एकमेकांशी काटकोनात.

फेलसेफची, म्हणजे संकेत तुटल्यावर विमान आपोआप काय करते याची, तपासणी वेगळी, पण त्याच वेळी उरकतात. पंखा (प्रोपेलर) काढून ट्रान्समीटर बंद करायचा आणि थ्रॉटल शून्यावर येतो का ते पाहायचे. न आल्यास त्या दिवशी उड्डाण नाही, यात चर्चेला जागा नाही.

मुंबईतल्या चाचणीला शहराची दोन गाऱ्हाणी चिकटलेली आहेत. पहिले जागेचे. ड्रोन नियम, २०२१ नुसार विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच यलो झोन असतो, म्हणजे वांद्रे, कुर्ला, अंधेरी, पवई इथे परवानगीवाचून काहीच उडवता येत नाही; शहर पोलिसांचे मनाई आदेश वेगळे. त्यामुळे लोक बदलापूर, कर्जतकडे जातात आणि रेंज मात्र आदल्या रात्री बिल्डिंगच्या गच्चीवर ‘घेऊन ठेवतात’. ती धरू नये. २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ठराविक शक्तीपर्यंत २००५ पासून परवाना लागत नाही, म्हणूनच घराघरांतला वायफायही तिथेच बोलतो. दाट वस्तीत ही चाचणी विमानाइतकीच शेजाऱ्यांच्या राउटरांची होते, आणि प्रवासात गाडीच्या डिकीत हललेला प्लग तिला दिसतच नाही. मैदानावर, त्या दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी घेतलेली तीच खरी.

रेंज मोडमधून बाहेर पडायला विसरणे हा जुनाच घोळ. बटण दाबून धरावे लागणाऱ्या संचांत तो होत नाही. फुताबाच्या काही संचांत ९० सेकंदांनी पूर्ण शक्ती आपोआप परतते. मेनूतून मोड चालू होत असेल तर पडदा पाहूनच टेक-ऑफ करावा.

दुसरे गाऱ्हाणे खाऱ्या हवेचे. जूनपासून दसऱ्यापर्यंत विमान कपाटावर पडून असते. जाणते लोक ३० पावलांवर न थांबता सर्व्हो अडखळेपर्यंत चालत जातात आणि तो आकडा वहीत लिहितात. मे महिन्यात ५२ लिहिलेले असेल आणि दसऱ्याला त्याच विमानाची ३४ भरली, तर पुस्तिकेच्या मते ते पासच आहे. वहीवाला मात्र पंखाचे रबर सोडवतो, फोमखालून रिसीव्हर बाहेर काढतो आणि कनेक्टरच्या पितळी पिनांवर हिरवा गंज शोधू लागतो.