आधी झटकलं, मग मिरवलं: जॅझ आणि शहरांची ओळख

२० जून १९१८ रोजी अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यातल्या न्यू ऑर्लिन्समधल्या 'टाइम्स-पिकायून' या मोठ्या दैनिकाने जॅझवर अग्रलेख छापला. सूर कौतुकाचा नव्हता. हे संगीत आपल्या शहरात जन्मलं असं बाहेर बोललं जातं, पण हे पालकत्व आम्हाला मान्य नाही. सभ्य समाजात त्याला थारा देण्यात आपण सर्वांत शेवटी असावं आणि जिथे ते शिरलं असेल तिथे दडपून टाकणं हा शहराच्या अब्रूचा प्रश्न समजावा, असा त्याचा आशय. पुढे २००१ मध्ये, इथेच जन्मलेला जॅझ ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग याच्या जन्मशताब्दीला, याच शहराच्या विमानतळाला त्याचं नाव देण्यात आलं.

संगीतामुळे शहराला ओळख मिळते, असं आपण सर्रास म्हणतो. मग त्याचं श्रेय तिथल्या हवेला, नदीला, लोकांच्या मोकळ्याढाकळ्या स्वभावाला देऊन टाकतो. जॅझचा इतिहास पाहिला तर गोष्ट बरीच रुक्ष निघते. नगरपरिषदेचे ठराव, दारूचे परवाने, पोलिसांची ओळखपत्रं, पाडापाडीचे नकाशे यांनी हे संगीत कुठे वाजेल, किती वाजेपर्यंत वाजेल आणि कोण वाजवेल, हे ठरवलं. शहराने त्यावर आपलं नाव कोरलं ते फार नंतर.

न्यू ऑर्लिन्सपुरतं बोलायचं तर सुरुवात एका निर्बंधापासून झाली. गुलामांनी रविवारी कुठे जमायचं, यावर १८१७ मध्ये शहराने बंधन घातलं आणि एकच जागा नेमून दिली. तीच पुढे काँगो स्क्वेअर म्हणून ओळखली गेली. उत्तर अमेरिकेत बहुतेक ठिकाणी गुलामांच्या ढोलांवर बंदी होती. इथे मात्र आफ्रिकी ताल आणि नाच उघड्यावर, आठवड्यातून एकदा का होईना, चालू राहिले. हेतू नजर ठेवण्याचा होता, परिणाम वेगळा झाला.

गुलामगिरी संपल्यावर कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये वर्गणीवर चालणाऱ्या मदत-संस्था उभ्या राहिल्या. आजारपणात डॉक्टर आणि मेल्यावर रीतसर दफन, हे त्यांचं मुख्य काम. विमा कंपन्या या लोकांना दारात उभं करत नव्हत्या, तेव्हा त्यांनी आपली सोय आपणच केली. सभासदाच्या अंत्ययात्रेत बँड असणं ही त्या वर्गणीतून मिळणाऱ्या मानाची खूण होती. दफनभूमीकडे जाताना बँड संथ भक्तिगीतं वाजवतो. स्नेअर ड्रमच्या खालच्या तारा सैल केलेल्या असतात, त्यामुळे त्याचा कडकडाट न होता नुसता दबका ठोका येतो. मृताला निरोप दिला की त्या तारा पुन्हा ताणल्या जातात, ड्रमवर एक लखलखीत आवाज उमटतो आणि चाल एकदम बदलते. बँड आणि घरची मंडळी ही पहिली रांग. मागून छत्र्या, रुमाल नाचवत येणारी गल्लीतली जनता ती 'सेकंड लाइन'. जॅझमधला तो लवचीक, झुलता ठेका शिकायला तिथल्या पोरांना शाळेची गरज नव्हती, शववाहिनीच्या मागे चालणं पुरेसं होतं. या संस्थांचे वारस, म्हणजे 'सोशल एड अँड प्लेझर क्लब', आजही रविवारी मिरवणुका काढतात.

दुसरा धागा क्रिओल, म्हणजे आफ्रिकी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या, संगीतकारांचा. फ्रेंच वळणाचं शिक्षण घेतलेले, नोटेशन वाचणारे हे लोक स्वतःला शहराच्या वरच्या भागातल्या, कानाने वाजवणाऱ्या कृष्णवर्णीय वादकांपेक्षा वेगळे समजत. १८९० च्या दशकात लुईझियानामधले वर्णभेदाचे कायदे कडक होत गेले आणि दोघेही कायद्याच्या एकाच बाजूला येऊन पडले. त्याविरुद्ध गोऱ्यांसाठीच्या रेल्वे डब्यात बसून खटला ओढवून घेणारा होमर प्लेसी हाही याच शहरातला क्रिओल. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो हरला. संगीतात मात्र या सक्तीच्या शेजारामुळे वाचनाची शिस्त आणि कानाची मोकळीक एकत्र आली. एवढ्यावरून जॅझ जन्मला असं कुणी म्हटलं तर ते सोपं करून सांगणं होईल, पण हे वगळून तो सांगताही येत नाही.

इथे एक लोकप्रिय कथा बाजूला ठेवलेली बरी. शहराने १८९७ मध्ये वेश्याव्यवसायासाठी आखून दिलेला 'स्टोरीव्हिल' हा भाग नौदलाच्या दबावाखाली नोव्हेंबर १९१७ मध्ये बंद झाला, वादक बेकार झाले आणि जॅझ नदीमार्गे उत्तरेला गेला, असं सांगितलं जातं. पण बहुतेक वादकांची कमाई नाच, सहली, मिरवणुका आणि अंत्ययात्रा यांवर होती. ते शिकागोला गेले ते त्याच काळात लाखो कृष्णवर्णीय ज्या कारणांनी दक्षिण सोडत होते त्याच कारणांनी: काम, पैसा आणि थोडी सुरक्षितता. १९२२ मध्ये बँडप्रमुख जोसेफ 'किंग' ऑलिव्हरच्या बोलावण्यावरून आर्मस्ट्राँगही शिकागोला निघून गेला. या शहराच्या संगीताची पहिली तबकडीसुद्धा इथे निघाली नाही. ती १९१७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये, इथल्याच एका गोऱ्या बँडने ध्वनिमुद्रित केली.

शहराला जाग आली ती पर्यटनामुळे, आणि तीही अडखळत. १९५६ मध्ये लुईझियानाने गोऱ्या आणि कृष्णवर्णीय कलाकारांच्या मिश्र कार्यक्रमांवर बंदी आणली. आर्मस्ट्राँगच्या बँडमध्ये दोन्ही वर्णांचे वादक होते, त्यामुळे त्याने जन्मगावी वाजवणंच थांबवलं; तो परतला १९६५ मध्ये, नागरी हक्क कायदा झाल्यावर. जॅझ महोत्सवाची कल्पनाही हॉटेलांमधल्या वर्णभेदामुळे रखडली आणि १९७० मध्ये प्रत्यक्षात आली. ड्यूक एलिंग्टन, महालिया जॅक्सन अशी नावं असूनही त्या पहिल्या वर्षी प्रेक्षक सुमारे ३५० होते.

आणि याच वर्षांत, जिथून हे संगीत आलं त्या ट्रेमे वस्तीत बुलडोझर फिरत होते. १९६६ मध्ये क्लेबोर्न ॲव्हेन्यूवरची ओकची झाडं तोडून तिथे उन्नत महामार्ग उभारायला घेतला. ही झाडी म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीय व्यापाराचा आणि मिरवणुकांचा मुख्य रस्ता. वस्तीतली घरं पाडून मोकळ्या झालेल्या जमिनीवर पुढे १९८० मध्ये आर्मस्ट्राँगच्या नावाचं उद्यान उघडलं. स्मारक उभारायला माणसं उठवावी लागली, याहून बोलकं उदाहरण शोधायची गरज नाही. ऑक्टोबर २००७ मध्ये, कतरिना वादळानंतर दोन वर्षांनी, ट्रेमेमध्येच एका दिवंगत ट्यूबावादकासाठी निघालेली मिरवणूक पोलिसांनी अडवली आणि परवाना नसल्याचं कारण देऊन दोन वादकांना अटक केली. मिरवणुका हीच तोवर शहराची जाहिरात झालेली होती!

न्यूयॉर्कने मिरवणुका अडवल्या नाहीत, कागदपत्रं मागितली. १९२६ च्या कॅबरे कायद्याने संगीत आणि नाच असलेल्या जागांना परवाना सक्तीचा केला. १९४० पासून तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाला बोटांचे ठसे देऊन पोलिसांचं कार्ड घ्यावं लागे. पोलिसांच्या नोंदीत नाव आलं की कार्ड जाई. गायिका बिली हॉलिडेचं १९४७ मध्ये गेलं, थेलोनियस मंकचं १९५१ मध्ये. मंक त्या काळातला सर्वांत वेगळ्या वाटेचा पियानोवादक, आणि शहरातल्या क्लबांत त्याला सुमारे सहा वर्षं वाजवता आलं नाही. १९५७ मध्ये कार्ड परत मिळाल्यावर 'फाइव्ह स्पॉट' या क्लबमध्ये सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनसोबत तो जे वाजवू लागला, त्याची आठवण शहर अजून काढतं. कार्ड १९६७ मध्ये संपलं, कायदा मात्र उरला. कॅबरे परवाना नसलेल्या हॉटेलात जास्तीत जास्त तीन वादक, तेही पियानो, गिटार, तंतुवाद्यं अशांपुरते. ड्रम नाही, ट्रम्पेट-सॅक्सोफोन नाही. जेवणाच्या टेबलांमागे वाजणारा पियानो आणि डबल बास ही न्यूयॉर्कची खास अभिरुची मानली जाते, पण तिच्यामागे या नियमाचाही हात आहे. न्यायालयांनी १९८८ पर्यंत वाद्यांवरची आणि संख्येवरची ही बंधनं मोडीत काढली. नाचाचा परवाना तर थेट २०१७ मध्ये गेला.

दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनमध्ये परवान्याचा प्रश्नच उरला नाही, वस्तीच गेली. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी 'डिस्ट्रिक्ट सिक्स' हा मिश्र वस्तीचा भाग गोऱ्यांसाठी राखीव म्हणून जाहीर झाला आणि साठ हजारांहून अधिक लोकांना शहराच्या कडेच्या सपाट वाळूवर हलवण्यात आलं. १९७४ मध्ये पियानोवादक अब्दुल्ला इब्राहिमने तिथल्याच एका नव्या वसाहतीचं नाव देऊन 'मॅनेनबर्ग' ही रचना ध्वनिमुद्रित केली. तेरा मिनिटांहून लांब, शब्द जवळपास नाहीतच. बेझिल कुट्झीचा सॅक्सोफोन त्यात सावकाश, घरच्या माणसाशी बोलावं तसा वाजतो. १९८० च्या दशकात वर्णद्वेषविरोधी सभांत तीच वाजत असे.

अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचं उलटं. तिथे कायदा न पाळल्यामुळे संगीत फुललं. टॉम पेंडरगास्ट या राजकीय पुढाऱ्याच्या मुठीत असलेल्या या शहरात दारूबंदीच्या काळातही दारू वाहत होती आणि क्लब सकाळपर्यंत उघडे असत. बंद व्हायची वेळच नसल्याने कामं संपवून आलेले वादक एकाच गाण्यावर तासभर चढाओढ करत. काउंट बेसीच्या बँडची सैल, ब्लूजवर तोललेली धाटणी याच रात्रींत घडली आणि सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करचं तालमीचं वयही यांतच गेलं. १९३९ मध्ये पेंडरगास्ट करचुकवेगिरीत तुरुंगात गेला, शहर स्वच्छ झालं आणि क्लब मिटले. १९९७ मध्ये, हे क्लब जिथे होते त्या भागात, अठराव्या रस्त्याच्या आणि व्हाइनच्या चौकात जॅझ संग्रहालय उभं राहिलं, २०१७ मध्ये युनेस्कोने शहराला संगीतनगरीचा मान दिला. जवळच कृष्णवर्णीय वादकांच्या जुन्या युनियनची इमारत आहे. शनिवार-रविवारी मध्यरात्र उलटल्यावर तिथे अजून वादक जमतात, आणि पहाटेपर्यंत दारू देता यावी म्हणून राज्याच्या कायद्यात तिच्यासाठी खास तरतूद करून घेतलेली आहे.