अजगर मालकाचं माप घेतो का?

'पाळलेल्या अजगराने खाणं सोडलं, रात्री मालकिणीशेजारी सरळ ताणून झोपू लागला. डॉक्टर म्हणाले, तो तुम्हाला गिळायला माप घेतोय!' हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. वाचून धडकी भरणं साहजिक आहे.

पण अजगर दबा धरून शिकार करतो: झडप, विळखा, मग गिळणं. शेजारी पडून मापं घेत बसला, तर भक्ष्य केव्हाच पळेल. मग उपास कशामुळे? बहुतेकदा कात, थंडी किंवा विणीचा हंगाम. डोळे बघा, दुधी-निळसर दिसले तर कात जवळ आलीय. पिंजऱ्यातलं तापमानही तपासा. अंगाशी येणं बहुधा उबेसाठीच.

मोठा अजगर माणसाला धोकादायक ठरू शकतो, म्हणून त्याला अंथरुणात घेऊच नये. आपल्याकडे तर भारतीय अजगर पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाच आहे.