पाड्याची शिरगणती आणि पाड्याचा रस्ता : शहापूर तालुक्याची पार्श्वभूमी

१८५३ साली ठाण्याला आलेली रेल्वे १८६५ पर्यंत थळ घाट चढून इगतपुरीला गेली. शहापूर तालुक्यातून मुंबई-आग्रा महामार्ग जातो, कसाऱ्यापर्यंत लोकल धावते आणि आता समृद्धी महामार्गही झाला आहे. तरीही याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवरून आजारी माणसाला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावे लागते. निधी हे त्याचे एक कारण. त्याहून जुने कारण लोकसंख्या मोजण्याच्या पद्धतीत आहे.

जनगणनेचे आकडे महसुली गावानुसार छापले जातात. डोंगरपट्ट्यात एका महसुली गावाचे चार-पाच पाडे असतात आणि त्यांच्यामध्ये ओहोळ नाहीतर जंगल. गावठाणापर्यंत डांबर पोहोचले की दप्तरात गाव जोडले गेले. पाडा मात्र तिथल्या तिथेच.

२५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली आणि तिने महसुली गावाऐवजी वस्ती हे एकक धरले. हा बदल मोलाचा होता. सपाट भागात ५०० आणि डोंगराळ किंवा अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात २५० लोकसंख्या, ही अट ठरली. पण पाड्याचा आकडा जनगणनेत स्वतंत्रपणे मिळत नाही, तो गावाच्या एकूण आकड्यातून फोडून काढावा लागतो. २४० माणसांचा पाडा अटीबाहेर राहतो. शेजारचे पाडे एकत्र मोजण्याची सोय आहे, पण प्रस्तावात ते तसे दाखवावे लागतात.

गणनेचा महिना हा या साऱ्यातला सर्वांत दुखरा भाग. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारीदरम्यान झाली. भातकापणी उरकली की कातकरी कुटुंबे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. गणनेच्या काळात जो सलग बाहेर असतो, त्याची नोंद तो जिथे मुक्कामाला असेल तिथे होते. नियम रास्त आहे, पण त्यामुळे भट्टीची वस्ती फुगते आणि पाडा कागदावर आक्रसतो. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या योजनेच्या चौथ्या टप्प्यालाही २०११ चेच आकडे आधाराला आहेत.

आकडा जुळला तरी पुढे जमिनीचा प्रश्न उभा राहतो. वाट बहुधा वनजमिनीतून जाते. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(२) नुसार रस्त्यासाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळवता येते. त्यासाठी ग्रामसभेची शिफारस लागते आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडता येत नाहीत. सहा मीटर रुंदी धरली तर एका हेक्टरात साधारण १,६०० मीटर रस्ता बसतो. अंतर त्याहून जास्त असेल तर वनसंवर्धन कायद्याखालची लांबलचक परवानगी घ्यावी लागते. शिवाय वाटेला जिल्हा परिषदेच्या रस्ते आराखड्यात ग्राममार्गाचा दर्जा आणि क्रमांक नसेल, तर निधी मागायलाच जागा उरत नाही.

एवढे करून झालेला रस्ता पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत उखडतो, आणि तो बहुतेक वेळा पाण्यामुळे. रस्त्याखालून पाणी काढणाऱ्या मोरीचा पाइप लहान असला की पालापाचोळ्याने तुंबतो, पाणी रस्त्यावरून वाहते, साइडपट्टीचा मुरूम धुपतो आणि डांबराची कड खालून पोकळ होऊन तुटते. डोंगराच्या बाजूला चर खणलेला नसेल तर चांगली खडीही टिकत नाही. ग्रामसडक योजनेतल्या रस्त्याची पाच वर्षे देखभाल ठेकेदाराकडे असते आणि तिची मुदत कामाच्या फलकावर लिहिलेली असते. ती वाचून दर पावसाळ्याआधी मोऱ्या साफ करून घेतल्या, तर एसटीची फेरी बंद पडत नाही. ओहोळावर नुसता साकव, म्हणजे पायी जाण्यापुरता अरुंद पूल, असेल तर माणसे पार होतात, रुग्णवाहिका अलीकडेच थांबते.

समृद्धीचा इगतपुरी-आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. प्रवेश फक्त इंटरचेंजवर, म्हणजे चढण्या-उतरण्याच्या ठरावीक जागीच, असल्याने शेजारच्या पाड्याला त्याच्यावर चढता येत नाही.

पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे, म्हणजे माणसे पुन्हा भट्टीवर असतानाच मोजणी होणार. ग्रामपंचायतींनी दिवाळीआधीच पाडावार कुटुंबयादी करून ती ग्रामसभेच्या ठरावाला जोडावी आणि शिधापत्रिका व मतदारयादीशी ताडून ठेवावी. जनगणनेचा आकडा त्याने बदलणार नाही, पण पाड्याची लोकसंख्या फोडताना पुढे करायला कागद हाती राहील.