श्रीलंकेची मिरी आणि ‘शून्य ड्युटी’ : ॲडव्हान्स पाठवण्याआधी वाचा

“सर्टिफिकेट आलंय, मग माल का अडकला?” वाशीच्या मसाला बाजारातून हा फोन आम्हा सीएचएंना (कस्टम हाउस एजंट, म्हणजे आयातीचा माल सोडवून देणारे) दर हंगामात येतो. म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

भारत-श्रीलंका मुक्त व्यापार करार १९९८ मध्ये झाला, मार्च २००० पासून लागू आहे. त्यामुळे श्रीलंकेच्या मिरीवरची ७० टक्के मूळ ड्युटी (आयात शुल्क) शून्यावर येते, तीही वर्षाला २५०० टनांच्या कोट्यापुरती. १० लाखांच्या मालावर ७ लाख ड्युटी आणि तिच्यावरचा ७० हजारांचा अधिभार वाचतो. ५ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) मात्र भरावाच लागतो. करारात तो येत नाही.

आता मुद्दा. २१ सप्टेंबर २०२० पासून नुसतं उत्पत्ती प्रमाणपत्र (माल कोणत्या देशाचा ते सांगणारं सर्टिफिकेट) पुरत नाही. माल खरोखर श्रीलंकेतच पिकला याची फॉर्म-१ मधली माहिती बिल ऑफ एंट्री (कस्टम्सकडे द्यायचा आयातीचा कागद) भरण्याआधी आयातदाराजवळ हवी. अधिकाऱ्याने मागितली की कामाचे १० दिवस मिळतात. पण समोरचा निर्यातदार बहुधा शेतकरी नसतो. मातले, कँडीकडचा माल गोळा करणारा व्यापारी असतो. पैसे पोचल्यावर तो किती तत्परतेने फोन उचलतो, हे आम्ही तुम्हाला काय सांगणार! इकडे कंटेनरचं भाडं रोज चढत असतं. फरकाच्या ड्युटीइतकी हमी ठेवून माल सोडवता येतो, पण मग वरच्या हिशेबातले सात-आठ लाख गुंतून पडतात.

म्हणून फॉर्म-१ हाती आल्याशिवाय आम्ही सवलतीची बिल ऑफ एंट्री भरत नाही. “दुसरे सीएचए एका दिवसात करून देतात.” देत असतील. हे कागद ५ वर्षं जपायचे असतात आणि नोटीस आयातदाराच्या नावाने निघते.

आणखी एक. व्हिएतनामची मिरी कोलंबोत जहाज बदलून आली म्हणून श्रीलंकेची होत नाही. या वाटेने स्वस्त भाव आला तर आधी आम्हाला विचारा.

निर्यातदाराला पाठवायच्या प्रश्नांचा इंग्रजी नमुना आमच्याकडे तयार आहे, आमच्या ग्राहकांना फुकट. सौदा ठरतानाच तो पाठवा, उत्तरं आल्यावर ॲडव्हान्स सोडा. प्रमाणपत्राचा मसुदाही शिक्का पडण्याआधी दाखवा. इन्व्हॉइस नंबर आणि वजन ताडून त्याच दिवशी कळवतो.