रझांचं चित्र फ्रेम करण्याआधी

सय्यद हैदर रझा यांच्या चित्राची प्रत आमच्याकडे फ्रेमसाठी आणणारे बरेच जण दोन गोष्टी विचारतात. मधल्या काळ्या वर्तुळाचा अर्थ काय? आणि कडेच्या रंगीत पट्ट्या माउंटखाली, म्हणजे चित्र आणि फ्रेम यांच्यामधल्या जाड कागदाच्या चौकटीखाली, गेल्या तर चालेल का? पट्ट्या झाकू नयेत, असं आमचं ठाम मत आहे. त्यामागचं कारण रझांच्या शिक्षणात आहे, म्हणून थोडं त्याविषयी.

रझांचा जन्म १९२२चा, मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यातला. वडील वनखात्यात होते, त्यामुळे बालपण जंगलाच्या सोबतीनं गेलं. शाळेत मन रमत नसे. तेव्हा नंदलाल झारिया या गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि नजर त्यावर ठेवायला सांगितली. ही आठवण रझा उतारवयातही सांगत. पण तो ठिपका चित्रात यायला मध्ये जवळजवळ पन्नास वर्षं गेली, आणि ही वर्षं फार महत्त्वाची आहेत.

आधी नागपूरची कलाशाळा, मग मुंबईचं जे. जे. त्या काळात ते जलरंगात निसर्गदृश्यं आणि मुंबईचे रस्ते रंगवत. १९४७मध्ये सूझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांच्यासोबत त्यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा केला. पुढच्याच वर्षी काश्मीरमध्ये छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ भेटले. तुमच्या चित्रांत गुण आहे पण बांधणी नाही, फ्रेंच चित्रकार सेझानचा अभ्यास करा, असं त्यांनी सुचवलं. रझांनी ते इतकं मनावर घेतलं, की मुंबईत परतून फ्रेंच शिकायला सुरुवात केली आणि १९५०मध्ये शिष्यवृत्तीवर पॅरिस गाठलं. आमच्या मते त्यांच्या कलेला खरं वळण इथे मिळालं. नंतरचे त्रिकोण, चौकोन आणि वर्तुळं एकमेकांना इतकी घट्ट धरून राहतात, ती या बांधणीच्या अभ्यासामुळे.

१९५६मध्ये त्यांना फ्रान्सचा 'प्री द ला क्रितीक' हा समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. १९६२मध्ये अमेरिकेत बर्कलीला शिकवायला गेले असताना तिथल्या रॉथ्को या चित्रकाराची चित्रं पाहिली आणि रंग अधिक मोकळे झाले. पुढे तैलरंगांऐवजी ते ॲक्रिलिककडे वळले.

तरीही सत्तरच्या दशकात ते अस्वस्थ होते. युरोपात नाव झालं, पण चित्रात आपलं काय, हा प्रश्न त्यांना छळत होता. भारताच्या फेऱ्या वाढल्या. राजस्थानी लघुचित्रं ते नव्यानं पाहू लागले, आणि १९८०च्या सुमारास गुरुजींचा तो ठिपका काळ्या वर्तुळाच्या रूपात, बिंदू म्हणून, त्यांच्या चित्राच्या केंद्रस्थानी आला. म्हणून त्या वर्तुळाकडे नुसती आकृती म्हणून पाहू नका. रझांसाठी ते बीज होतं, ज्यातून सगळे रंग आणि आकार निघतात.

आता पट्ट्यांविषयी. लघुचित्राभोवती रंगीत किनार असते, तिचाच हा वारसा. ती चित्राच्या आतली आहे. माउंट लावायचाच असेल तर तो पांढरा किंवा फिकट घ्या आणि पट्टीच्या बाहेर थोडी मोकळी जागा सोडा. फ्रेम बारीक, नक्षी नसलेली. सोनेरी फ्रेमला आम्ही सहसा नको म्हणतो, कारण रझांच्या पिवळ्या-केशरी रंगांशी ती भांडते. काच न चमकणारी घेतलीत तर बरं. साध्या काचेवर काळ्या वर्तुळात समोरची खिडकी दिसते, आणि नेमकी तिथेच नजर ठरायला हवी असते.

चित्र थेट उन्हात लावू नका, छापील प्रतीतले लाल रंग लवकर उडतात.