अंतर्निरीक्षण

आपल्या मनात या घडीला काय चाललंय ते स्वतःच न्याहाळून सांगणं म्हणजे अंतर्निरीक्षण. वागणं चूक की बरोबर हा हिशोब यात धरत नाहीत.

ही पद्धत नेमकी कुणाची यावर बराच वाद झालाय. जुन्या पाठ्यपुस्तकांत सरळ जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्हेल्म वुंट, त्याची लाइपझिगची प्रयोगशाळा, १८७९ असं ठोकून दिलेलं असतं (१८७९ हे सालही तसं सोयीनेच धरलेलं, प्रात्यक्षिकांसाठीची जागा त्याला त्याच्या थोडं आधीच मिळाली होती). पण मानसशास्त्राचा इतिहास लिहिणाऱ्या कुर्ट डान्झिगरने १९८० मध्ये दाखवलं की वुंट स्वतः निवांत बसून मनाचं वर्णन करण्याच्या विरोधातच होता, त्याच्या प्रयोगात माणसाने फक्त उद्दीपक (समोर दाखवलेली किंवा ऐकवलेली गोष्ट) जाणवला की नाही, कमी वाटला की जास्त, एवढंच लगेच सांगायचं, आणि ते लांबलचक वर्णनाचं प्रकरण मुख्यतः जर्मनीतल्याच वुर्ट्सबर्गच्या ओस्वाल्ड क्यूल्पेच्या मंडळींचं आणि अमेरिकेत टिचनर या मानसशास्त्रज्ञाचं. वुंटने १९०७ मध्ये वुर्ट्सबर्गवाल्यांवर कडक टीकाही केली होती, त्यामुळे डान्झिगरचं म्हणणं जास्त पटतं. घोळ झाला तो बहुधा टिचनरचाच विद्यार्थी बोरिंग याने १९२९ मध्ये लिहिलेल्या मानसशास्त्राच्या इतिहासामुळे, त्यात गुरूचा चष्मा लावूनच वुंट बघितलाय. पुढे प्रतिमेशिवाय, म्हणजे मनात कुठलंही चित्र न येता, विचार होतो का यावर वुर्ट्सबर्ग हो म्हणायचं, टिचनर नाही म्हणायचा, आणि दोघांचा पुरावा एकच, आमच्या लोकांना आत असं दिसलं! १९१३ मध्ये, फक्त बाहेरून दिसणारं वागणंच अभ्यासायचं म्हणणाऱ्या वॉटसनने ही पद्धतच मोडीत काढली.

माणसाला स्वतःच्या मनातलं खरंच कळतं का हा विषय परत तापला तो १९७७ मध्ये, निसबेट आणि विल्सन या मानसशास्त्रज्ञांच्या लेखाने. दुकानात नायलॉनच्या पायमोज्यांचे चार अगदी सारखे जोड मांडून त्यांनी गिऱ्हाइकांना विचारलं, यातला चांगला कुठला. सगळ्यात उजवीकडचा जोड साधारण ४० टक्के लोकांनी निवडला आणि डावीकडचा १२ टक्क्यांनी, पण कारण विचारलं तर सगळे वीण, पोत असलंच काहीतरी सांगायचे, जागेमुळे आवडला असेल का म्हटलं तर जवळपास कुणीच मान्य करेना. २००५ मध्ये स्वीडनमधल्या योहान्सन आणि हॉल यांनी तर १२० जणांना दोन चेहऱ्यांतला आवडता फोटो निवडायला लावून हातचलाखीने मधूनमधून दुसराच हातात दिला, अदलाबदल फार कमी वेळा पकडली गेली आणि लोक न निवडलेल्या चेहऱ्याची कारणं मस्तपैकी देत राहिले. याला निवड-अंधत्व म्हणतात.

एरिकसन आणि सायमन या संशोधकांचं (१९८०) मत जरा मवाळ आहे, कोडं सोडवताना डोक्यात येईल ते तसंच बोलत गेलं तर ती माहिती बऱ्यापैकी भरवशाची, गडबड होते ती नंतर ‘का’ विचारल्यावर.

निर्णयांच्या बाबतीत विल्सनचाच १९९३ चा एक प्रयोग आहे, त्यात घरी न्यायचं पोस्टर कारणं लिहून काढून निवडलेले विद्यार्थी काही आठवड्यांनी न लिहिणाऱ्यांपेक्षा आपल्या पोस्टरवर कमी खूश निघाले.