म्हातारी पेशी, ऑक्सिडेटिव्ह ताण आणि नव्या रक्तवाहिन्या

जुन्या रक्तवाहिनीला फुटवा येऊन नवी बारीक नस तयार होते, याला अँजिओजेनेसिस म्हणतात. जखम भरताना किंवा गरोदरपणी वार तयार होताना हे चालूच असतं. जिथं ऑक्सिजन कमी पडतो तिथल्या पेशीत हिफ-1 नावाचं प्रोटीन साठतं, ते व्हीईजीएफ हे नस वाढवायचा निरोप देणारं प्रोटीन बनवायला लावतं, अन् मग जवळच्या नसेच्या अस्तरातल्या एन्डोथेलियल पेशी तिकडं सरकत, वाढत जातात.

वय झालं की हे मंदावतं. दर विभाजनाला क्रोमोसोमच्या टोकाचे टेलोमिअर झिजतात. माणसाच्या पेशी लॅबमध्ये साधारण 40 ते 60 वेळा विभागून थांबतात हे शास्त्रज्ञ लिओनार्ड हेफ्लिकनं 1961 मध्ये दाखवलं, पण थांबलेली पेशी लगेच मरत नाही, नुसती बसून सूज आणणारी रसायनं सोडत राहते आणि शेजारच्या चांगल्या पेशींनाही बिघडवते.

त्यात ऑक्सिडेटिव्ह ताणाची भर, म्हणजे ऑक्सिजनपासून बनणारे मारक पदार्थ (ऑक्सिडंट) पेशीत जास्त होणं. पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातून आणि काही एन्झाइममधून सुपरऑक्साइड हा असाच एक ऑक्सिडंट निघतो, तो नायट्रिक ऑक्साइडला गाठून पेरॉक्सिनायट्राइट करतो, म्हणजे नस सैल ठेवणारा, नवी फुटायला मदत करणारा वायूच कमी पडतो. वरून तो बनवणारं एन्झाइम बिघडलं की तेही उलट सुपरऑक्साइडच बनवायला लागतं! डीएनएला मार बसतो तो वेगळाच, त्यानं पेशी अजून लवकर म्हातारी होते.

पण सगळा दोष ऑक्सिडंटचा नाही बरं का. थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड, तेही ऑक्सिडंटच, व्हीईजीएफचा निरोप पेशीत पोचवायला लागतंच. पाणी कापसाला पाहिजेच, पण काळ्या रानात तुंबलं की मुळं सडतात, तसंच हे. म्हणून ‘अँटिऑक्सिडंट’ लिहिलेल्या गोळ्या खाऊन नसा तरुण होतील असं समजू नका, व्हिटॅमिन ईच्या मोठ्या चाचण्यांत हार्ट अटॅक काही कमी झाले नाहीत.

आपल्या लातूर-बीडकडं लोक ज्याला शुगरची जखम म्हणतात तिच्यात हे दिसतं. रानात अनवाणी चालताना बाभळीचा काटा मोडतो, पाय बधिर असल्यानं कळतच नाही, वाढलेल्या साखरेनं ऑक्सिडेटिव्ह ताण वाढलेला, नव्या नसा पुरेशा फुटत नाहीत अन् जखम चिघळत जाते. बिडी असली तर अजूनच बेकार. गंमत म्हणजे त्याच माणसाच्या डोळ्यात उलटं होऊ शकतं: पडद्यातल्या बारीक नसा बंद पडतात, व्हीईजीएफ भरमसाट वाढतं, नाजूक गळक्या नसा फुटून रक्त उतरतं, आणि तिथं डॉक्टरला व्हीईजीएफ अडवणारं इंजेक्शन डोळ्यातच द्यावं लागतं.